न वाचलेला प्रोग्रॅम

रविवारी दुपारी बाजारपेठ जेवायला घरी गेली, की आमच्या दारव्ह्यातल्या एका कृषी केंद्राच्या मागच्या खोलीत चार माणसं संगणकाच्या भाषांवरून भांडत बसायची. पाचवी मी. मला त्यातलं काही येत नव्हतं. मी कनिष्ठ महाविद्यालयात ग्रंथपाल आहे, आणि बरोबर नेलेलं पुस्तक तिथे उघडायला मिळत नसे.

खोलीत खताच्या गोण्या, बियाण्यांच्या रिकाम्या पिशव्या, औषधांचा घशाशी बसणारा वास. कोपऱ्यात प्लास्टिकच्या आवरणाखालचा कॉम्प्युटर. चौघांपैकी कोणाचंही पोट या विद्येवर नव्हतं. एक दुकानाचे मालक, त्यांना सगळे भाऊ म्हणत. दुसरे जवळच्या तांड्यावर राहणारे प्राथमिक शाळेचे गुरुजी. तिसरी लोहाऱ्याच्या एमआयडीसीत माल तपासायचं काम करणारी मुलगी. ती आठवडाभर यवतमाळला राहायची आणि रविवारी घरी यायची. चौथा माझा धाकटा भाऊ. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान होतं.

भाऊंना पायथन सोडून दुसरी भाषा चालत नसे. ते हिंदी व्हिडिओ बघून शिकले होते आणि व्हिडिओतला माणूस ‘समझे?’ म्हणाला की इकडे मान डोलवत.

“पायथन म्हंजे सोयाबीन,” ते म्हणायचे. “पेरलं का आलं हाती. तुमचं सी म्हंजे संत्र्याचा बगीचा, गुरुजी. पाच वर्सं पानी द्या अन् मंग फळाची वाट पाहा.”

“सोयाबीनवर येलो मोझॅक बी लवकर येते, भाऊ,” गुरुजी म्हणत. ते कॉलेजात असताना कोणाकडून तरी मागून आणलेल्या एका पुस्तकातून सी शिकले होते, आणि प्रत्येक धड्याखालची उदाहरणं सोडवल्याशिवाय त्यांनी पुढचं पान उलटलं नव्हतं. “मागच्या आयतवारी तुमचा प्रोग्रॅम व्हॉट्सॲपवर पाठवला तं ओळीआधीच्या सगळ्या मोकळ्या जागा गायब. एक ओळ चालली नाही. असं कोनतं पीक असते, जे पिशवीत भरलं का मरते?”

“तुमी दोघं डबे उघडून बसा,” मुलगी फोनमधून डोकं वर न काढता म्हणायची. “माह्यं जावास्क्रिप्ट फोनात चालून राह्यलं, जीपमध्ये बी.” तिची शिकायची रीत वेगळीच होती. ती दुसऱ्याचा चालू प्रोग्रॅम घ्यायची, त्यातली एकेक ओळ काढून टाकायची आणि काय मोडतं ते बघायची.

माझा भाऊ या भांडणात कोणाची बाजू घेत नसे. त्याचं म्हणणं एवढंच, की भाषा कोणतीही घ्या, प्रोग्रॅम आधी वऱ्हाडीत सांगता आला पाहिजे. त्यातून त्याने खोलीचा एक नियम करून ठेवला होता. कोणीही काही लिहिलं, की ते दुसऱ्याने मोठ्याने वाचायचं, एकेक ओळ, आपल्या बोलीत. लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. आणि ज्याला काही येत नाही अशा एका माणसाने समोर बसून प्रत्येक ओळीला ‘काहून?’, म्हणजे ‘का?’, विचारायचं. वाचणाऱ्याला उत्तर देता आलं नाही, तर चूक तिथेच असते. वाचन झाल्याशिवाय प्रोग्रॅम चालवायचा नाही.

काही न येणारा माणूस म्हणून त्याने मला नेलं होतं.

“जे ताईले समजलं, ते मशीनले समजते,” तो म्हणायचा.

“म्हणजे मी मशीनपेक्षा मठ्ठ?”

“नाही. मशीन ‘काहून’ नाही इचारत ना, ताई. थेच तं त्याचं वांधं हाय.”

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात तो तापाने गेला. आधी दारव्ह्यात सलाईन, मग यवतमाळ. घरी परत आलो तेव्हा त्याच्या टेबलावर एक फोन उघडा पडलेला होता, स्क्रू एका झाकणात ठेवलेले. तो ज्याचा होता तो माणूस नंतर येऊन गेला. फोन मागायची त्याची हिंमत झाली नाही. मीच तो त्याच्या हातात दिला, स्क्रूंसकट. याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही.

लिहायचं आहे ते मेसेजबद्दल.

आमच्याकडे शेतीची थ्री-फेज लाइन पाळीने येते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. ओलिताच्या दिवसांत माणसाची झोप, जेवण, सगळं त्या पाळीवर बांधलेलं असतं. भावाने आदल्या वर्षी गव्हाच्या ओलितात एक प्रोग्रॅम लिहिला होता. एका जुन्या फोनमध्ये तो चालायचा, आणि ओळखीच्या शेतकऱ्यांना रोज सकाळी मेसेज जायचा. ‘दादा, आज लाइन दिवसाची हाय. ओल्या हातानं स्टार्टरले हात लावू नका.’ किंवा, ‘दादा, आज दिवसा लाइन नाही, रातची हाय. टॉर्च घ्या, पायाखाली पाहा.’ आमचं शेत ठेक्याने दिलेलं, तरी त्याने माझा नंबरही त्यात घातला होता. मी त्याला म्हटलं, मला काय करायचंय? तो म्हणाला, “राहू दे. मेसेज गेला का नाही थे समजते.”

तो गेल्यावरही मेसेज येत राहिले. तो जुना फोन आमच्या खिडकीत चार्जिंगला लावलेला होता आणि मी तो काढला नाही. त्याचं रिचार्ज संपायच्या आधी करत राहिले. पावसाळा असल्याने लाइनची गरज कोणालाच नव्हती, पण सकाळी कुकर लावताना माझ्या फोनवर त्याचं नाव यायचं, आणि त्याखाली ‘दादा’ अशी सुरुवात. मी त्याची मोठी बहीण. मला तो कधी दादा म्हणाला नव्हता. तरी मी रोज तो वाचायची. आईला दाखवत नसे.

दिवाळीनंतर हरभऱ्याला पाणी सुरू झालं. त्याच सुमारास आमच्या भागाला वीज देणाऱ्या फिडरच्या पाळ्या उलट झाल्या. जी रात्रीची होती ती दिवसाची झाली. लाइनमनने नेहमीप्रमाणे चौकातल्या चार लोकांना सांगितलं. मेसेज मात्र जुन्याच पाळीचे जात राहिले. एक-दोघांना वाटलं, लाइनच आज मागेपुढे झाली असेल. ती तशी होतेच. तिसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींच्या वडिलांनी मेसेज वाचून घेतला: आज दिवसा लाइन नाही, रातची हाय. त्यांच्या विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरमध्ये काही अडकत होतं. लाइन नाहीच म्हटल्यावर वीज तोडणारा कटाउट, म्हणजे फ्यूज, काढायच्या भानगडीत ते पडले नाहीत. पेटी उघडून तारा मोकळ्या करत असताना लाइन आली.

ते फेकले गेले म्हणून वाचले. उजवा तळवा जळला. दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत.

मला हे गुरुजींनी सांगितलं नाही. दुकानवाल्या भाऊंनी फोन केला, आणि सगळं सांगितलं. मग म्हणाले, “मॅडम, थो खिडकीतला फोन बंद करा.”

मी हो म्हटलं. खिडकीपाशी गेले. वायर हातात धरली. तो फोन गरम असायचा, जुना असल्यामुळे. मी तो बंद करू शकले नाही. त्याऐवजी मी माझ्या फोनवरून त्याच्या यादीतल्या एकेकाला फोन करत बसले, की उद्यापासून या मेसेजवर जाऊ नका, लाइनमनला विचारा. संध्याकाळ झाली. काहींनी विचारलं, “काहून, ताई? भाऊचा मेसेज तं बरोबर असते.” बाकी थोडे राहिले, ते मी दुसऱ्या दिवशी सकाळी मेसेज जायच्या आत केले.

शनिवारी मी गुरुजींबरोबर तांड्यावर गेले. त्यांचे वडील ओट्यावर बसले होते, हात बँडेजमध्ये आणि गळ्यात अडकवलेला. गुरुजींची याडी, म्हणजे आई, आतून चहा घेऊन आली, माझ्याकडे बघून रडायला लागली आणि परत आत गेली. ती माझ्या भावासाठी रडत होती की नवऱ्याच्या हातासाठी, मला कळलं नाही. तिलाही कदाचित ते वेगळं करता आलं नसतं.

“तुह्या भावाचा काय दोष, पोरी,” म्हातारे म्हणाले. “कटाउट काढाले पाह्यजे होतं. चाळीस वर्सं मोटर चालोली. पन त्यानं सांगतलं दिवसा नाही, तं मले वाटलं नाही.”

“काका, तो मेसेज तो पाठवत नव्हता. मशीन पाठवत होती.”

“हाव, ठाऊक हाय मले. मी काय येडा हाय?” ते हसले. मग म्हणाले, “पन पाठवणं बंद नको करू. अंधारात वावरात जाऊन लाइनची वाट पाहाचं म्हंजे काय असते, तुले नाही ठाऊक.”

परत येताना गुरुजींनी मोटरसायकल एकदाही मागे न बघता चालवली. मी मागे बसले होते, त्यांच्या मानेकडे बघत. त्यांना माझा राग आला असावा असं मला वाटत राहिलं, आणि तो नसता आला तर मला जास्त वाईट वाटलं असतं.

रविवारी खोलीत आम्ही चौघं. माझ्या भावाची प्लास्टिकची खुर्ची कोणी हलवली नव्हती. तिच्यावर बियाण्याचं एक खोकं ठेवलं होतं, बहुतेक ती रिकामी दिसू नये म्हणून.

भाऊंनी सुरुवात केली. “नवा लिहून टाकू. पायथनमध्येच. दोन तासांत होते.”

“तुमचे दोन तास म्हंजे आयतवार ते आयतवार,” मुलगी म्हणाली. “मी जावास्क्रिप्टमध्ये करतो. फोनातून फोनात. कोनाच्या कॉम्प्युटरची झाकनं उघडाची गरज नाही.”

“अन् थे बिघडलं तं तुह्याशिवाय कोन पाहीन? तू असतं लोहाऱ्याले.”

“मंग शिका ना.”

“माह्या वयात आता दुसरी भाषा शिकू?”

एरवी मी हे ऐकत हसले असते. त्या दिवशी माझ्या कानात नुसता ‘नवा’ एवढाच शब्द बसला. मी म्हटलं, “त्याचं पुसायचं नाही.” आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. “दुरुस्त करा. पण पुसायचं नाही.”

मुलीने हातातला फोन खाली ठेवला. मग मुलगी हळूच म्हणाली, “ताई, दादाचं कोनी पुसून नाही राह्यलं.”

“नवा लिहिणं म्हणजे काय मग?”

गुरुजी खुर्ची पुढे ओढून बसले. ते म्हणाले, “ताई, आपण हा प्रोग्रॅम वाचला होता का?”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. नव्हता वाचला. ज्याने वाचनाचा नियम केला, त्याचाच हा एक प्रोग्रॅम खोलीत कधी वाचला गेला नव्हता. गव्हाचं पाणी तोंडावर होतं, लोक रोज विचारत होते, त्याने एका आठवड्यात लिहिला आणि सुरू केला. वाचू पुढच्या रविवारी, असं म्हणाला असेल. मग तो नीट चालत राहिला, आणि चालणाऱ्या गोष्टीला कोण वाचतं?

“आज वाचू,” गुरुजी म्हणाले. “मंग काय कराचं थे ठरवू.”

मी खिडकीतला फोन पिशवीतून आणला होता, चालूच. भाऊंनी तो कॉम्प्युटरला जोडला, प्रोग्रॅम काढून कागदावर छापला. कागद गुरुजींनी घेतला. ज्यांच्या घराला ती चूक भोवली, त्यांनीच वाचायला घेतलं म्हणून मला बसवेना. पण उठून जाणंही शक्य नव्हतं. काहून विचारायला मीच होते.

भावाने नावं इंग्रजी अक्षरांत, पण वऱ्हाडी ठेवली होती. लोकांच्या यादीचं नाव ‘आपले’. स्वतःचं नाव ‘मालक’. भाऊंना हसू आलं. “मालक म्हने! एका स्क्रू ड्रायव्हरचा मालक.” आम्ही सगळे हसलो. तो गेल्यानंतर त्या खोलीत पहिल्यांदाच.

“मागच्या हप्त्यात दिवसाची पाळी असन,” गुरुजी वाचू लागले, “तं या हप्त्यात रातची लाव.”

“काहून?”

“पाळी हप्त्याले बदलते म्हून.”

“बरं.”

“शनिवार आला, तं मालकाले मेसेज करून इचार: पाळी हिशोबानंच हाय का बदलली?”

“काहून?”

“थो शनिवारी लाइनमनले फोन करे. तिकडून समजलं का इथं उत्तर दे.”

मला माहीत होतं ते. दर शनिवारी दुकान बंद करून आला की तो ओट्यावर उभा राहून कोणाशी तरी बोलायचा, ‘जय हो, साहेब’ म्हणून हसायचा. मला वाटायचं एखादा मित्र असेल. तो प्रश्न त्याच्या रोजच्या फोनवर यायचा. तो फोन आम्ही बंद करून कपाटात ठेवला होता, त्याच्या शर्टांबरोबर.

“उत्तर आलं, तं थे घे.”

“बरं.”

“उत्तर नाही आलं...” गुरुजी थांबले. चष्मा काढून पुन्हा लावला. “उत्तर नाही आलं, तं जुनंच खरं मान. अन् पुढं चाल.”

“काहून?” मी विचारलं. सवयीने विचारलं. आणि मग ते वाक्य मला पूर्ण ऐकू आलं.

उत्तर मुलीने दिलं. वाचणाऱ्याशिवाय कोणी बोलायचं नसतं, पण तिला कोणी अडवलं नाही. “दादा एकदा म्हनलाता मले. एखाद्या शनिवारी मी इसरलो, नाहीतर गावाले गेलो, तं लोकाचा मेसेज चुकू नये. एवढ्यासाठी.”

चूक असली तरी ती अशी होती. त्याच्यासारखीच, लोकांचं अडू नये म्हणून केलेली. एखादा शनिवार चुकेल एवढंच त्याने धरलं होतं. आणि त्या खिडकीतल्या फोनने त्याचं ऐकून प्रत्येक शनिवारी एका बंद कपाटाला प्रश्न विचारला, उत्तर आलं नाही, जुनंच खरं मानलं, आणि पुढे चालला.

मी ती ओळ माझ्या हाताने खोडली. भाऊंनी पेन दिलं. त्या जागी काय लिहायचं, हे मी वऱ्हाडीत सांगितलं: उत्तर नाही आलं, तर लोकांना सांग, मला ठाऊक नाही, लाइनमनला विचारा, कटाउट काढल्याशिवाय पेटी उघडू नका.

“झालं तं मंग,” भाऊ म्हणाले. “त्याचाच ठेवू. एक ओळ बदलू. फोन बी तोच, शब्द बी तेच.”

माझा जीव भांड्यात पडला. पण गुरुजी मान हलवत होते.

“ताई, रागावू नका,” ते म्हणाले. “शब्द तेच नाही ठेवता येत. नंबर बी नाही. माह्या बाले ठाऊक होतं का थो गेला. मयतीले आलते थे. तरी ‘दादा’ म्हनलं का त्याईचा भरवसा बसला. त्याच्या बोलण्यातून उद्या काहीबी आलं, तं कोनीच ‘काहून’ नाही इचारनार.”

मी कागदावरच्या खोडलेल्या ओळीकडे बघितलं. बाहेर कोणीतरी शटर वाजवून युरिया आहे का विचारलं, भाऊंनी आतूनच ‘उद्या’ म्हणून ओरडून सांगितलं. मी माझ्या भावाचा आवाज ऐकण्यासाठी ते मेसेज वाचत होते. बाकीचे लोक मोटर चालू करण्यासाठी वाचत होते. एका नंबरातून दोन्ही होणार नव्हतं.

“नवीन मेसेजात काय लिहायचं?” मी शेवटी विचारलं.

“कोनं इचारलं थे लिहू,” गुरुजी म्हणाले. “कोन्या दिवशी इचारलं थे बी.”

नवीन प्रोग्रॅम कोणत्या भाषेत लिहायचा यावर पुन्हा भांडण झालं. ते पायथनवर मिटलं, कारण भावाचा त्यात होता आणि मला त्याच्याकडे बघून शिकता येणार होतं. ही अट मी घातली होती: मालक मी होणार, आणि वाचता येईल एवढं मी शिकणार. भाऊ म्हणाले, मी व्हिडिओ पाठवतो. गुरुजी म्हणाले, पुस्तक आणतो, उदाहरणं सोडवल्याशिवाय पुढं जायचं नाही. मुलगी म्हणाली, “ताई, एकेक ओळ काढून पाहा. काय मोडते थे दिसते.” मी तिघांचंही ऐकते आहे. अजून फार येत नाही. पूर्णविरामाची सवय हाताला एवढी आहे, की मी प्रत्येक ओळीच्या शेवटी टिंब देते आणि प्रोग्रॅम चालत नाही.

ते सगळं तयार होऊन वाचून होईपर्यंत पुढचा शनिवार आला. मी ओट्यावर उभं राहून लाइनमनला फोन केला. कोण बोलतं हे सांगितल्यावर ते म्हणाले, “हाव, तुमचे भाऊ फोन करत. मले वाटलं, आता कोनी इचारत नाही म्हंजे कोनाले गरज नाही.” या आठवड्याची पाळी त्यांनी सांगितली. नव्या प्रोग्रॅमचा प्रश्न माझ्या फोनवर आला होता, त्याला मी तेच उत्तर टाकलं.

मग मी खिडकीतला फोन बंद केला. तो थंड व्हायला वेळ लागला. तो त्याच्या रोजच्या फोनशेजारी शर्टांवर ठेवला.

सकाळी कुकर लावताना माझ्या फोनवर मेसेज आला, कृषी केंद्राच्या नंबरावरून. ‘काल शनिवारी लाइनमनला विचारलं. या आठवड्यात लाइन दिवसा. पेटी उघडण्याआधी कटाउट काढा.’ मीच लिहिलेला. त्यात ‘दादा’ नव्हतं. मी तो वाचला आणि आणखी काही येईल म्हणून फोन हातात धरून उभी राहिले. शिट्ट्या किती झाल्या ते मोजायचं राहिलं.

थोड्या वेळाने गुरुजींच्या वडिलांचा फोन आला, डाव्या हाताने लावलेला असावा, कारण आधी एकदा लागून तुटला.

“पोरी, हे नवीनच आलं बाप्पा. हे कोनं इचारलं लाइनमनले?”

“मी विचारलं, काका.”

“तू सोता?”

“हो. काल. मीच.”

“बरं,” ते म्हणाले. मग, “तरी मी कटाउट काढतोच.”

“काढा,” मी म्हटलं.